साठाचे पंचावन्न

कान तपासणाऱ्या मॅडमनी आधी कागदावर पेन्सिलनं ६० वर खूण केली होती. मी तिच्या मागंच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो होतो आणि काचेपलीकडं माझे वडील, आप्पा. पुढचे दोन-तीन सूर वाजवून झाल्यावर तिनं कागदाकडं एकदा नीट पाहिलं, ओठ मुडपले, ती खूण रबरानं पुसली आणि ५५ वर केली. भुगा करंगळीनं झटकला. जेमतेम पाच सेकंदांचं काम. माझी सव्वीस वर्षं बँकेच्या तपासणी खात्यात गेली. त्यातली निम्मी तरी दुसऱ्यांनी खोडलेले आकडे शोधण्यात गेली असतील, त्यामुळं माझी नजर अशा जागी न सांगता जाते. तेव्हा मी काही बोललो नाही. पाच डेसिबलनं असं काय होतंय? पण कोल्हापूरहून इचलकरंजीला परत येताना आप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले होते, तो कागद माझ्या मांडीवर होता, आणि माझं बोट सारखं त्या एका जागेवर जात होतं. कागद तिथं जरा खरखरीत झाला होता.

आप्पांना तिथवर न्यायलाच दीड वर्ष लागलं. "मला सगळं ऐकू येतंय, तुम्हीच हळू बोलायला लागलाय," हे त्यांचं ठरलेलं. डॉक्टरांनी आधी नादकाटा वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, मग तो कानासमोर धरला आणि विचारलं, "कुठं मोठं वाटतंय?" आप्पा विचार करून म्हणाले, "दोन्हीकडं बरंच हाय की." डॉक्टर हसले. ही युक्ती १८५५ मध्ये गॉटिंगनच्या हाइनरिक आडोल्फ रिने यांनी लिहून ठेवली, आणि अजून कान-नाक-घशाच्या दवाखान्यात पहिली तीच होते. आवाज हवेतून जास्त चांगला ऐकू येतोय की हाडातून, एवढंच बघायचं. हाडातून चांगला आला तर अडथळा बाहेर किंवा मधल्या कानात आहे. दोन्ही वाटांनी सारखाच कमी आला तर दोष आत, गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग असतो तिथं किंवा त्याच्या पुढं. आपल्याकडं त्याला सरसकट 'नस गेली' म्हणतात.

मग ती खोली. भिंतींना करडा फोम, जाड दार, आत एक खुर्ची. टोपी काढा, चष्मा काढा, कुडी काढा. आप्पा पुन्हा पुन्हा विचारत होते, टोपी कशाला? टोपीशिवाय त्यांना बसलेलं मी फक्त न्हाव्याकडं पाहिलंय. डोक्यावर हेडफोन, उजवीकडं लाल, डावीकडं निळा. हातात बटण. "आजोबा, कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं." मॅडम पंचविशीच्या आतबाहेरची, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. तिनं १००० हर्ट्झपासून सुरुवात केली (हर्ट्झ जास्त तितका सूर वरचा). ऐकू आलं की आवाज दहानं खाली न्यायचा, नाही आलं की पाचानं वर. दहा खाली, पाच वर. भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं ते यंत्र माणसाशी घासाघीस करतं, आणि जिथं निम्म्या वेळा तरी सौदा पटतो तो आकडा लिहायचा. त्या आकड्याला उंबरठा म्हणतात. मला वाटत होतं उंबरठा म्हणजे अलीकडं ऐकू येत नाही आणि पलीकडं येतं. तसं नसतं. उंबरठा म्हणजे जिथं कधी येतं, कधी येत नाही.

आप्पा चाळीस वर्षं जॉबर होते. मागांची दुरुस्ती करणारा माणूस. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कारखाना पायांत लागायचा, कानात नंतर. दार ढकललं की आवाज अंगावर यायचा नाही, तुम्ही आवाजात शिरायचात. चोवीस माग, प्रत्येकात धोटा इकडून तिकडं फेकला जातोय, प्रत्येक फेकीला लाकडावर ठोका. त्या खोलीत डेसिबल शंभराच्या आसपास असणार, हे आता वाचून कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की इथं तोंड उघडून उपयोग नाही. माणसं हातांनी बोलायची. कांडी संपली, धोटा अडकला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खूण होती. मालक आल्याची खूण इथं लिहिण्यासारखी नाही. बाहेर आलो की दहा-पंधरा मिनिटं कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं आणि मला ते आवडायचं. आप्पांच्या कानात तो कापूस रोज बारा तास होता.

पण त्या गदारोळात ते ऐकायचे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एखादा माग बरोबर चालत नाही असं विणकरानं खुणावलं की आप्पा खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटायचे. तेवीस माग बोंबलत असताना ते चोविसाव्याचं एक बेअरिंग ऐकायचे. सांगायचे, ग्रीस संपलंय, किंवा गोळी फुटलीय. मी विचारलं होतं, एवढ्या आवाजात कसं ऐकू येतं? म्हणाले, "ऐकू येत न्हाई. कळतं."

म्हणून मॅडमनी हेडफोन काढून हाडातून आवाज देणारा तो दुसरा छोटा ठोकळा त्यांच्या कानामागं बसवला तेव्हा मला आतून काहीतरी ओळखीचं वाटलं. काळा, काड्यापेटीपेक्षा लहान, स्टीलच्या पट्टीनं डोक्याला आवळलेला. पट्टीचा दाब ठरलेला असतो, ५.४ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं जास्त वजन कानामागं सतत दाबून ठेवल्यासारखं. केस मधे आले, जागा चार-दोन मिलिमीटर सरकली, कातडी जाड असली, की आकडा हलतो. आप्पांनी हात लावून पाहिलं आणि काचेतून माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "आरं, हे तर स्क्रू ड्रायव्हरच की!" आतला माइक चालू होता. मॅडम दचकली. मग दुसऱ्या कानात तिनं खरखर सोडली. हाडातून दिलेला आवाज कवटीभर पसरतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच पोचतो, म्हणून ज्याची परीक्षा नाही त्या कानाला गुंतवून ठेवावं लागतं. त्या खरखरीवर आप्पा चक्क हसले. "कारखाना चालू झाला," म्हणाले.

मग २५० हर्ट्झ आलं. अगदी खालचा घुमारा. आप्पा बटण दाबत होते, थांबत होते, परत दाबत होते. मॅडमनी दार उघडून विचारलं, "आजोबा, आवाज येतोय का?" 

"ऐकू येत न्हाई. पण कळतंय."

"आवाज आला तरच दाबायचं."

"कळलं तर दाबायचं का न्हाई?"

याचं उत्तर तिला चटकन देता आलं नाही. मला वाटतं, तीस पेशंटच्या दिवसात हा प्रश्न कुणी विचारत नसेल. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं ती बरोबर होती. २५० वर पंचवीस-तीस डेसिबलच्या आसपासच तो ठोकळा कातडीला जाणवायला लागतो. ठार बहिरा माणूसही तिथं बटण दाबेल, कारण त्याच्या कानामागं काहीतरी थरथरतंय. मग कागदावर हवेतून ४०, हाडातून २५, मधे पंधराची फट, आणि डॉक्टरला वाटणार मधल्या कानात काहीतरी आहे, दुरुस्त होईल. तिनं ती २५ ची खूण पुसली. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, स्पर्श. योग्यच केलं. तेच रबर घेऊन थोड्या वेळानं तिनं २००० हर्ट्झवरच्या ६० चे ५५ केले. पहिलं पुसणं तिनं जाणून केलं होतं. दुसरं का केलं, ते मला घरी येऊन शोधावं लागलं.

शोधलं म्हणजे रात्री पुण्याला परतल्यावर चार दिवस वाचत बसलो. बायको म्हणाली, ऑडिटची खाज. असेल. झालं होतं असं, की २००० हर्ट्झवर आप्पांना हवेतून ५५ ला ऐकू आलं आणि हाडातून ६० ला. पुस्तकी शिकवण सांगते की हे होऊ शकत नाही. हवेचा रस्ता शेवटी त्याच आतल्या कानात जातो. आतला कान साठला जागा होतो, तर बाहेरून आलेला आवाज पंचावन्नला कसा ऐकू येईल? घरात बसलेल्याला थेट हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि दारातून मारली तर येते? म्हणून हाडाची खूण हवेच्या खाली गेलीच (कागदावर आकडे खाली वाढत जातात) तर चूक झाली समजून ती हवेच्या रेघेवर आणून बसवायची. कागद नीटनेटका होतो.

पण यात एक गोम आहे, आणि ती शून्यात आहे. आपल्याला वाटतं शून्य डेसिबल म्हणजे शांतता. त्या कागदावरचं शून्य म्हणजे तरुण, निरोगी कानांच्या पुष्कळ माणसांना जिथं जेमतेम ऐकू आलं त्याची सरासरी. म्हणून तर त्यावर उणे दहाही असतं, सरासरीहून तल्लख कानांसाठी. हवेचं शून्य असं काढलं, हाडाचं शून्यही असंच काढलं. सरासरीत दोन्ही जुळतात. पण सरासरीला कवटी नसते. माझी कवटी, तुमची कवटी, कातडीची जाडी, हाडातल्या पोकळ्या, मधल्या कानातल्या त्या तीन इवल्या हाडांचं वजन, कानाच्या नळीचा आकार, हे प्रत्येकाचं वेगळं. एखाद्याचं हाड आवाज जरा कंजूषपणे पोचवतं, एखाद्याचं उदारपणे. कान दोघांचे सारखे, तरी एकाच्या कागदावर फट वर दिसणार, दुसऱ्याच्या खाली. १९६७ मध्ये जेरल्ड स्टुडबेकर यांनी नेमकं हेच मांडलं होतं: दोन मोजमापांत प्रत्येकी थोडी डळमळ असेल तर त्यांच्यातला फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरणारच.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. फरकाची डळमळ पाच डेसिबल धरली, संख्याशास्त्रवाले ज्याला मानक विचलन म्हणतात ती. तर एका सुरावर हवा आणि हाड अगदी जुळण्याची शक्यता येते शंभरात ३८.३. पाचनं वर किंवा पाचनं खाली, प्रत्येकी २४. दहानं, प्रत्येकी ६. आता पाच सूर घ्या, २५० पासून ४००० पर्यंत, आणि दोन कान. दहाही ठिकाणी दोन्ही रेघा तंतोतंत जुळायच्या तर ३८.३ टक्के दहा वेळा एकमेकांत गुणायचे. उत्तर आलं लाखात सात. मी परत गुणून पाहिलं. म्हणजे नसेचा दोष असलेल्या लाख माणसांत अशा गुळगुळीत कागदाचे मानकरी सात. मी आप्पांचा कागद उघडला. डावा कान: पाचही ठिकाणी जुळलेलं. उजवा: २५० सोडून चार ठिकाणी.

असे ताळेबंद मी पाहिलेत. ज्या शाखेचा रोजचा गल्ला वर्षभर पै-पैला जुळतो, तिथं जाऊन आधी खुर्ची ओढून बसायचं असतं.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले रॉबर्ट मार्गोलिस यांनीही यावर लिहिलंय, की तपासणाऱ्याला हवेचे आकडे आधीच माहीत असतात आणि हाडाचे आकडे नकळत त्यांच्याकडं ओढले जातात. यंत्रानं आपोआप केलेल्या तपासणीत ही ओढ दिसत नाही. नकळत हा शब्द महत्त्वाचा. तिथं कुणी खोटं करत नाही, हात आपोआप जातो. माझाही जायचा. नवा होतो तेव्हा एका खेड्यातल्या शाखेत सत्तावीस रुपयांचा फरक मी 'किरकोळ खर्च' करून बुजवला होता, संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून. ते सत्तावीस रुपये अजून कुठंतरी आहेत.

हे सगळं एवढं लागायचं कारण आकडे नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आमच्या घरात एक वाक्य वीस वर्षं चाललंय: आप्पा सोयीचं ऐकतात. आई म्हणते, मी म्हणतो, बहिणी म्हणतात. साखर मागितली तर भाकर पुढं करतात, पण जेवताना कुणी हळूच "म्हातारा हट्टी झालाय" म्हटलं की बरोबर मान वर. मागच्या दिवाळीत मी त्यांच्यावर ओरडलोच. सकाळी फोनवर व्यवस्थित बोललात, आता समोर बसून हाक मारतोय तर ओ देत नाही? नाटकं करता का? ते काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली. ज्या माणसाचे वरचे सूर गेलेत त्याला स, ख, थ, फ यातलं बहुतेक काही पोचत नाही, स्वर तेवढे पोचतात. त्याच्यापर्यंत फक्त 'आ...अर' येतं आणि साखरेची भाकर तो स्वतः भाजून घेतो. पुरुषाचा जाड आवाज येतो, आईचा बारीक येत नाही. पंखा चालू असला की कमी, रात्री झोप झाली नसली की कमी, कानात सतत वाजणारा तो रातकिडा जोरात असला की आणखी कमी. तीन आठवड्यांनी ऐकण्याचं मशीन बसवण्याआधी परत तपासणी झाली तेव्हा उजव्या कानाचे ५००, १०००, २००० हे तिन्ही सूर हवेतूनच पाच-पाचनं खाली घसरले होते. चार सुरांची सरासरी पहिल्यांदा ५६, आता ६०. दोन्ही कानांत ६० झालं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं माणूस 'ऐकू कमी येणारा' धरला जातो. आप्पांना सर्टिफिकेटात रस नव्हता, पण कुणाला तरी असतो, आणि त्याचा मंगळवार चांगला गेला तर तो निरोगी ठरतो. या पाचाच्या घसरणीला मॅडम म्हणाली, "चालतं सर, प्लस-मायनस पाच नॉर्मल आहे." वीस वर्षं आम्ही ज्याला नाटक म्हणत होतो त्याला तिनं एका दमात नॉर्मल म्हणून टाकलं.

त्याच दिवशी पुढचा पेशंट आला नव्हता. मी म्हटलं, माझीही करा. हौस म्हणून.

दार लागलं आणि मी घाबरलो. इतकी शांतता मला माहीत नव्हती. आधी गिळल्याचा आवाज आला, मग कानशिलातली नाडी, मग शर्टाची कॉलर मानेला घासल्याची. पहिले सूर सोपे गेले. मग ते बारीक होत गेले आणि मी त्यांच्या मागं गेलो, आणि एका टप्प्यावर मला कळेना की सूर आहे, की मघाच्या सुराची आठवण आहे, की आता यायला हवा म्हणून मीच वाजवतोय. मी दाबलं. परत दाबलं. स्पीकरमधून आवाज आला, "सर, बीप नसताना दाबताय." मला परीक्षेत कॉपी करताना धरल्यासारखं झालं. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच आलं होतं, किंवा खरंच वाटलं होतं. पुढं मी जपून दाबायला लागलो, तर आकडे वाढले. म्हणजे मी लोभी असताना माझे कान चांगले होते, आणि सावध झाल्यावर वाईट.

माझ्या डाव्या कानाला ४००० वर हवेतून २० आले आणि हाडातून ३०. मी बाहेर आलो तेव्हा तिनं पेन्सिलनं ३० लिहिलेलं होतं आणि रबर हातात होतं. मी म्हटलं, राहू द्या. तिनं वळून पाहिलं. मी आप्पांच्या कागदाचं विचारलं, जेवढं सौम्यपणे विचारता येईल तेवढं. ती चिडली नाही. म्हणाली, "सर, असं ठेवलं की रिपोर्ट परत येतो. मशीन कॅलिब्रेट केलंय का विचारतात. मी तीनदा ऐकवलं होतं आजोबांना. तिन्ही वेळा साठच आलं." मग जरा थांबून, "मला माहितीये ते साठ होतं." माझा ३० तिनं तसाच ठेवला, लाल-निळ्या रेघांच्या खाली एकटा लोंबकळणारा. मला बरं वाटलं आणि थोडी काळजीही वाटली की आता ही खूण मला कुठल्यातरी डॉक्टरला समजावत बसावं लागणार.

मशीन आता आप्पांच्या कानात आहे, दिवसातले चार तास. बाकी वेळ डबीत. भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणतात, आणि आई म्हणते बरंच झालं, भांडी जपून ठेवतात. गेल्या रविवारी इचलकरंजीला गेलो तर अंगणातला पाण्याचा पंप कुरकुरत होता. मला ऐकू येत होतं, त्यांना येत नव्हतं, मशीन डबीत. मी सांगितल्यावर त्यांनी कपाटातून जुना स्क्रू ड्रायव्हर काढला. मूठ पिवळट, तेलानं गुळगुळीत झालेली. उकिडवे बसले, टोक पंपाच्या मागच्या बेअरिंगवर टेकवलं, टोपी वर सरकवली आणि मूठ कानामागं लावून डोळे मिटले. बराच वेळ. मग मला खाली बसायला लावलं, आणि स्वतःच्या हातानं मूठ माझ्या कानामागच्या हाडावर दाबली, चांगली जोरात, ५.४ न्यूटनहून नक्कीच जास्त.

"आलं?"

हाडात काहीतरी गुरगुरत होतं. मी मान हलवली.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.